बेसाल्ट : नक्कलनविसाच्या चुकीतून आलेला दगड

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत, आणि मराठवाड्यातल्या चालुक्य शिल्पकलेची चर्चा निघाली की या मूर्तींचे नाव निघतेच. अशा मंदिरांविषयी मराठीत लिहिताना दगडाचे नाव दोन तऱ्हांनी येते. जुन्या वळणाचा लेखक ‘काळ्या पाषाणात घडवलेले मंदिर’ असे लिहितो. शास्त्रीय नेमकेपणाची हौस असलेला ‘बेसाल्ट खडकात बांधलेले मंदिर’ असे लिहितो. दुसऱ्याचे लिहिणे अधिक अचूक, हे आपण तपासून न पाहता मान्य करतो. शब्द लॅटिन आहे, लॅटिन आता कोणाच्या घरात बोलली जात नाही, तेव्हा तिच्यातल्या शब्दाचा अर्थ जागचा हलत नसणार, असा काहीसा हिशेब त्यामागे असतो. या प्रकरणात तो हिशेब तपासायचा आहे. बेसाल्ट हा शब्द आज अचूक आहे यात वाद नाही. पण ती अचूकता त्याने जन्मतः आणलेली नाही. तो एका चुकीतून आला, शतकानुशतके भलभलत्या दगडांना चिकटत हिंडला आणि माणसांनी भांडून, वितळवून, मोजून एक कस ठरवला तेव्हा कुठे जागेवर बसला. हे एकदा लक्षात आले की विहीर खणणारा ज्यांना ‘मुरूम’, ‘मांजऱ्या’ आणि ‘पाषाण’ म्हणतो, त्या शब्दांना गावंढळ म्हणून बाजूला सारणे अवघड होते.

सुरुवात रोममध्ये होते. प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सन ७७ च्या सुमारास निसर्गाच्या इतिहासाचा आपला प्रचंड ग्रंथ पुरा केला. त्याच्या छत्तिसाव्या भागात दगडांची माहिती आहे. तिथे तो सांगतो की इजिप्तच्या लोकांना इथिओपियात एक दगड सापडला. त्याचा रंग लोखंडाचा, कठीणपणाही लोखंडाचा. या दगडाचे नाव जुन्या छापील प्रतींमध्ये ‘बॅसाल्टेस’ असे मिळते. आजच्या चिकित्सक आवृत्त्यांमध्ये मात्र त्या जागी ‘बॅसानायटीस’ असा पाठ स्वीकारलेला असतो. फरक मधल्या दोन-तीन अक्षरांचा आहे. हाताने प्रती उतरवण्याच्या शेकडो वर्षांच्या परंपरेत कोणा नक्कलनविसाने शब्द चुकीचा वाचला, पुढच्याने ती चूक इमानाने उतरवली आणि छापखाना आला तेव्हा चुकीचाच शब्द पक्का झाला. मोडी कागदपत्रांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. एका वळणाचा घोळ झाला की गावाचे नाव बदलते.

चूक झाली हे कशावरून, असा प्रश्न इथे रास्त आहे. हातात मूळ प्रत नाही. प्लिनीच्या हस्ताक्षरातला कागद कोणी पाहिलेला नाही. मग ‘बॅसाल्टेस’ हेच खरे आणि ‘बॅसानायटीस’ ही नंतरच्या पंडितांची दुरुस्ती, असे का म्हणू नये? पूर्वीच्या कोशकारांनी तसे मानलेही होते. प्लिनीच्या वाक्यात ‘यावरूनच त्याला नाव मिळाले’ असा एक तुकडा आहे. तो धरून, इथिओपियाच्या कोणत्या तरी भाषेत लोखंडाला जवळचा असा शब्द असावा आणि त्यातून ‘बॅसाल्टेस’ आला असावा, असा तर्क लढवला गेला. अडचण अशी की या तर्काला स्वतःच्या पायावर उभे राहता येत नाही. ‘बॅसाल्टेस’ हा शब्द प्लिनीच्या या एका जागेबाहेर प्राचीन वाङ्मयात टिकून राहिलेला नाही. उलट ‘बॅसानायटीस’ला स्वतंत्र साक्षीदार आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला टॉलेमी आपल्या भूगोलात इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटातल्या डोंगरांची नावे देतो, त्यांत एक डोंगर ‘बॅसानायटीस दगडाचा’ आहे. मराठी वाचकाला हा टॉलेमी परका नाही. पैठण आणि तेर ही आपली दोन गावे ‘बैठण’ आणि ‘तगर’ म्हणून त्याच्याच ग्रंथात सापडतात. ज्या दगडाचा डोंगर टॉलेमीला ठाऊक होता, तोच दगड प्लिनीला अभिप्रेत होता असे मानणे सर्वांत कमी कसरतीचे आहे. आणि त्या भागात, वादी हम्मामात नावाच्या कोरड्या नदीखोऱ्यात, फॅरोंच्या काळापासून चालत आलेल्या दगडाच्या खाणी आजही आहेत. तिथला तो प्रसिद्ध काळपट-हिरवट दगड मात्र भूशास्त्राच्या हिशेबाने बेसाल्ट नाही. तो गाळातून घडलेला खडक आहे. म्हणजे ज्या दगडासाठी नाव जन्मले, त्या दगडाला आज ते नाव लागत नाही.

आता ‘बॅसानायटीस’च्या आत शिरू. ग्रीक भाषेत ‘बॅसानोस’ म्हणजे सोनाराचा कस लावण्याचा दगड. हा शब्दही ग्रीकांचा मूळचा नाही. प्राचीन इजिप्तमध्ये वादी हम्मामातच्या दगडाला ‘बेखेन’ म्हणत, त्यावरून तो आला असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ग्रीकमध्ये ‘बॅसानोस’चा अर्थ पुढे सरकत गेला. आधी दगड, मग परीक्षा, मग गुलामाकडून साक्ष काढण्यासाठी केलेला छळ. आपल्याकडे याच वाटेवरून गेलेले दोन शब्द रोजच्या वापरात आहेत. ‘निकष’ म्हणजे मुळात घासण्याचा दगड; ‘कसोटी’ म्हणजे कस लावण्याची पट्टी. आज नोकरभरतीचे निकष असतात आणि क्रिकेटचा कसोटी सामना असतो, पण त्यात दगड कोणाला दिसत नाही. छळापर्यंत आपण गेलो नाही. ‘कसोटी पाहिली’ म्हणताना त्रासाची छटा येते, तेवढीच.

सोनाराच्या या दगडाविषयी एक गोष्ट नेहमी विसरली जाते, आणि या प्रकरणाच्या मुद्द्याला ती महत्त्वाची आहे. कसोटीचा दगड कशाचा बनलेला आहे याने सोनाराला फरक पडत नाही. तो बारीक कणांचा हवा, सोन्याहून कठीण हवा, म्हणजे सोने घासले की त्यावर स्वच्छ रेघ उमटते. आणि पुढच्या काळात, रेघेवर आम्ल टाकून पाहण्याची पद्धत आली तेव्हा, आम्लाने तो खराब होता कामा नये. या अटी पुऱ्या करणारा कोणताही दगड कसोटीचा दगड. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाच्या प्रकरणात उत्तम निकषाचे वर्णन आहे: कलिंगातला किंवा तापीचा पाषाण, मुगाच्या रंगाचा. काळा असलाच पाहिजे अशी अट तिथे नाही. तापीचा दगड तिथे यावा हे सहज पटते. त्या नदीच्या खोऱ्यात अग्निजन्य खडकांच्या पोकळ्यांतून सुटलेले गारेच्या जातीचे कठीण, गुळगुळीत गोटे विपुल आहेत. तेव्हा ‘बॅसानोस’ हे खडकाच्या जातीचे नाव कधीच नव्हते. ते दगडाच्या कामाचे नाव होते. ‘पाटा’ हा शब्द जसा दगडाची रासायनिक घडण सांगत नाही, तसा तोही सांगत नव्हता. ज्या शब्दाला आपण आज रसायनाचे प्रमाणपत्र समजतो, त्याचे आजोळ सोनाराच्या दुकानात आहे.

पुढचा टप्पा सॅक्सनीचा. जॉर्जियस ॲग्रिकोला हा जर्मन वैद्य आणि खाणविद्येचा पंडित. १५४६ साली त्याने जमिनीतून निघणाऱ्या पदार्थांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. (ग्रंथाच्या नावात ‘फॉसिल’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ तेव्हा ‘खणून काढलेले काहीही’ एवढाच होता, धातुकही फॉसिल आणि मीठही फॉसिल. जीवाश्म हा अर्थ त्याला फार नंतर चिकटला.) ड्रेस्डेनजवळ श्टोल्पेन येथे एका किल्ल्याखाली काळ्या दगडाचे बहुकोनी खांब उभेच्या उभे जमिनीतून वर आलेले आहेत. ॲग्रिकोलाने ते पाहिले. रंग लोखंडाचा, कठीणपणा लोखंडाचा. प्लिनीचे वाक्य त्याच्या स्मरणात होते, हातातल्या प्रतीत शब्द ‘बॅसाल्टेस’ होता. त्याने तो उचलून श्टोल्पेनच्या खांबांना लावला. इजिप्तच्या वाळवंटातले नाव अशा रीतीने पुस्तकाच्या पानावरून उडी मारून जर्मनीतल्या भलत्याच खडकावर जाऊन बसले. योगायोग असा की आज आपण ज्याला बेसाल्ट म्हणतो तो खडक हाच.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो फुटकळ नाही. नाव एका दगडावरून दुसऱ्यावर गेले हे खरे, पण ‘लोखंडासारखा काळा आणि कठीण’ हा धागा तर टिकलाच ना? शब्दाच्या पोटातली मूळ कल्पना कायम राहिली असेल तर व्युत्पत्ती अगदीच कुचकामी कशी? याला उत्तर असे की हा धागा इतका सैल आहे की त्यात काहीही ओवता येते, आणि ओवले गेलेही. प्लिनी स्वतःच या दगडाचे उदाहरण म्हणून थीब्जच्या मेम्नॉनच्या पुतळ्याचा उल्लेख करतो, पहाटेच्या उन्हाने आवाज करणारा म्हणून जो प्रसिद्ध होता. तो पुतळा वाळूच्या दगडाच्या कठीण जातीचा आहे. त्यात काळेपणाही नाही. रोझेटाचा शिलालेख १७९९ मध्ये सापडला आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. पुढे कितीतरी वर्षे त्याचे वर्णन ‘काळ्या बेसाल्टचा शिलालेख’ असे होत राहिले. १९९९ मध्ये त्याची सफाई केली, वर साचलेले मेण आणि शाई काढली, तेव्हा तो ग्रॅनोडायोराइट, म्हणजे ग्रॅनाइटच्या जवळचा खडक निघाला. अठराव्या शतकात वेजवुड या इंग्लंडमधल्या कुंभारकामाच्या कारखानदाराने काळी भांडी बाजारात आणली आणि त्यांना बेसाल्टचे नाव दिले. ती भाजलेल्या मातीची होती. आपल्याकडे कोणत्याही काळ्याभोर गुळगुळीत मूर्तीला ‘शाळिग्रामाची मूर्ती’ म्हणण्याची पद्धत आहे. खरा शाळिग्राम गंडकी नदीतला, आत शंखासारख्या प्राण्याचा जीवाश्म असलेला गोटा. ‘काळा आणि कठीण’ एवढ्या भांडवलावर चालणारा शब्द लॅटिन असो की संस्कृत, तो असाच घसरतो.

मग बेसाल्टला आजचा अर्थ मिळाला कसा? दोन टप्प्यांत, आणि दोन्ही वेळा लॅटिनचा त्यात काडीचा हात नव्हता. पहिला टप्पा जन्मकथेचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या भूशास्त्रज्ञांत या दगडावरून खडाजंगी झाली. फ्रायबर्गच्या खाणविद्यालयातला वेर्नर आणि त्याचे शिष्य म्हणत, हा खडक प्राचीन समुद्राच्या पाण्यातून साका बसून तयार झाला. वेर्नर हा त्या काळचा सर्वांत मोठा अध्यापक, त्यामुळे मताला वजन होते; आणि त्याच्या सॅक्सनीत जिवंत ज्वालामुखी नव्हता, हेही होते. त्याच्याही आधी, १७६३ मध्ये, फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात देमारे या अधिकाऱ्याला तसेच बहुकोनी खांब दिसले होते, आणि तिथे तो दगड विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखापर्यंत पायी माग काढता येण्याजोगा होता. स्कॉटलंडच्या जेम्स हॉलने १७९८ मध्ये त्याच जातीचा दगड भट्टीत वितळवला. चटकन थंड केला तर काच झाली. सावकाश थंड केला तर पुन्हा दगडासारखा स्फटिकमय पदार्थ मिळाला. ‘वितळलेल्या रसातून दगड होत नाही, काच होते’ ही पाणीवाद्यांची मोठी ढाल होती, ती त्यामुळे फुटली. यानंतर बेसाल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा, हा अर्थ रूढ झाला. प्लिनी व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इसवी सन ७९ मध्ये मेला. ज्या नावाचा उगम त्याच्या पोथीत, ते नाव पुढे ज्वालामुखीच्या दगडाचे होईल याची त्याला कल्पना असण्याचे कारणच नव्हते.

या वादाची जगातली एक मोठी पुराव्याची जागा आपल्या पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. आज उरलेला त्यांचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, आणि बीड जिल्हा जवळजवळ सबंध, त्यावर बसलेला आहे. सह्याद्रीत या थरांची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते आणि पूर्वेकडे कमी होत जाते. १८३० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या नोकरीतला लेफ्टनंट कर्नल साइक्स याने दख्खनच्या भूरचनेवर निबंध लिहिला, तेव्हापासून ‘दख्खन ट्रॅप’ हे नाव चालत आले. ‘ट्रॅप’ लॅटिन नाही. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रापा’ म्हणतात. थरांच्या कडा झिजून डोंगरांना ज्या पायऱ्या पडतात त्यांवरून तो शब्द आला. एका परीने हा शब्द ‘बेसाल्ट’हून प्रामाणिक. डोळ्यांना जे दिसते तेवढेच तो सांगतो. पण खडकाची व्याख्या म्हणून भूशास्त्रज्ञांनी तो टाकून दिला आणि फक्त प्रदेशाच्या नावात ठेवला, कारण जिन्यासारखे दिसणारे सगळेच डोंगर एका जातीच्या खडकाचे नसतात.

दुसरा टप्पा आकड्यांचा, आणि तो विसाव्या शतकातला. खडकात सिलिका किती, सोडियम आणि पोटॅशियम यांची ऑक्साइडे किती, हे मोजायचे आणि आलेखावर बिंदू टाकायचा. सिलिका वजनाने ४५ ते ५२ टक्के आणि ती दोन ऑक्साइडे मिळून ५ टक्क्यांच्या आत असली की ज्वालामुखी खडकाला बेसाल्ट म्हणायचे, असा संकेत आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेच्या वर्गीकरणाने पक्का केला. तीच रासायनिक घडण, पण रस जमिनीखाली खोल, सावकाश थंड झाल्याने कण मोठे झाले असतील तर नाव गॅब्रो. मधल्या मापाचे कण असतील तर डोलेराइट. १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावरच्या ‘प्रशांत सागरा’तून दगड आणले, त्यांना बेसाल्ट म्हणताना कोणी अडखळले नाही, कारण कस तयार होता. (तिथे सागरही नाही; चंद्रावरच्या काळ्या मैदानांना ‘समुद्र’ म्हणणे हीसुद्धा लॅटिनमध्ये लिहिणाऱ्यांचीच गफलत.) आणि या वर्गीकरणात एक मौज आहे. ‘बॅसानाइट’ हेही आज एका खडकाचे अधिकृत नाव आहे. तो बेसाल्टच्या नात्यातला, पण सिलिका कमी आणि सोडियम-पोटॅशियम जास्त असलेला, वेगळा खडक. म्हणजे प्लिनीचा बरोबर पाठ आणि चुकीचा पाठ असे दोन्ही शब्द भूशास्त्राने कामाला लावले, दोघांना वेगवेगळे अर्थ वाटून दिले, आणि इजिप्तचा मूळ दगड या दोन्हींत बसत नाही.

यावर कोणी म्हणेल: ठीक, उगम गोंधळाचा असेल, पण शेवटी शब्द अचूक झालाच. ‘पाषाण’ अजून कुठे झाला? तेव्हा तराजू लॅटिन शब्दाकडेच झुकतो. या आक्षेपातले निम्मे मी मान्य करतो. ‘पाषाण’ म्हटल्याने सिलिका कळत नाही, आणि कडप्प्याच्या फरशीलाही कोणी काळा पाषाण म्हणू शकतो, जो चुनखडी आहे. पण अचूकतेचे श्रेय भाषेला देण्याची घाई नको. त्याच बाजारात ‘ग्रॅनाइट’ची काय अवस्था आहे? तोही लॅटिनमधल्या दाण्याच्या शब्दावरून आलेला, भूशास्त्रात कडक व्याख्या असलेला शब्द. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ‘काळे ग्रॅनाइट’ विकत घेणाऱ्याच्या घरी बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो येतो. शब्दाने कसोटी सोडली की तो लॅटिनच्या जिवावर तरत नाही. दुकानदाराची कसोटी ‘झिलई घेतो का’ ही आहे, तिला तो शब्द इमानदार आहे.

आणि नेमकी हीच गोष्ट विहीर खणणाऱ्याच्या शब्दांना लागू पडते. मराठवाड्यात खणताना वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पक्का पाषाण असा क्रम सांगितला जातो. प्रयोगशाळेत नेले तर खालचे सगळे एकाच घरातले. कमी-जास्त कुजलेला बेसाल्ट. पण खणणाऱ्याची कसोटी वेगळी आहे: कुदळीने निघते का, पहारीने निघते का, सुरुंग लावावा लागतो का, आणि पाणी धरते का. लाव्ह्याच्या थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, त्यांत पुढे झिओलाइटसारखी पांढरी खनिजे भरतात. हा भाग लवकर झिजतो, त्यात भेगा-छिद्रे जास्त, म्हणून पाणी साठते. तोच बहुतेक ठिकाणी मांजऱ्या. थराचा मधला भाग भरीव, त्यात उभ्या भेगा नसतील तर पाणी शिरत नाही; तो पाषाण. ‘बेसाल्ट लागला’ या वाक्यातून शेतकऱ्याला काहीच कळत नाही. ‘मांजऱ्या लागला’ या वाक्यातून पाण्याची आशा कळते आणि ‘पाषाण लागला’ यातून खर्चाचा आकडा. भूशास्त्रज्ञालाही पाण्याचा प्रश्न आला की ‘बेसाल्ट’ पुरत नाही. मग तो ‘ॲमिग्डलॉइडल’ असे विशेषण जोडतो. पोकळ्यांत भरलेली खनिजे बदामासारखी दिसतात म्हणून बदामाच्या ग्रीक-लॅटिन नावावरून हे विशेषण घडले. त्याच बदामावरून वैद्यकात मेंदूतल्या एका भागाला ‘ॲमिग्डला’ म्हणतात, जो भीतीशी संबंधित आहे. एकच शब्द दोन शास्त्रांत इतका दूर जातो, तरी कोणाचा गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाची कसोटी आपापल्या हातात आहे.

स्थानिक शब्द गावोगाव बदलतात, हा यापुढचा आक्षेप, आणि तो सर्वांत खरा आहे. एका तालुक्यात मांजऱ्या म्हणजे पांढरे ठिपके असलेला दगडच, दुसरीकडे कोणताही मऊसर खडक. पण हा दोष शब्दाच्या जातीचा नाही, करार न झाल्याचा आहे. करार झाला की काय होते त्याचा दाखला ‘मुरूम’ देतो. बांधकाम खात्याच्या दरसूचीत खोदाईचे दर मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक अशा वर्गांनी लावले जातात. ठेकेदाराचे बिल त्यावर ठरते, म्हणून मऊ कुठे संपते आणि कठीण कुठे सुरू होते याची व्याख्या करावी लागते. इंग्रजीत लिहिलेल्या निविदांमध्येही शब्द मुरूमच राहतो. दुसरा दाखला उलट्या दिशेचा. आपल्या काळ्या कापसाळ जमिनीला भूशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत ‘रेगूर’ म्हणत. तेलुगूतल्या ‘रेगड’वरून आलेले नाव, जगभर चाललेले. १९६० मध्ये अमेरिकेतल्या मृदावर्गीकरणात तिच्यासाठी ‘व्हर्टिसॉल’ असा शब्द लॅटिनमधल्या ‘उलटणे’ या धातूवरून घडवला गेला, कारण उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती आत पडते, पावसाळ्यात फुगून वर येते आणि जमीन स्वतःलाच उलथत राहते. हा लॅटिन शब्द मात्र अर्थवाही आहे, हे कबूल करायला हवे. त्याचा उगम आणि त्याची व्याख्या एका दिशेने चालतात. पण लक्षात घ्या, तो विसाव्या शतकात, कसोटी आधी ठरवून, मग घडवलेला शब्द आहे. प्राचीनतेचे पुण्य त्याच्या खात्यावर नाही.

मराठी आणि हिंदीच्या परिभाषाकारांनी बेसाल्टसाठी ‘असिताश्म’ असा शब्द दिला आहे. असित म्हणजे काळा, अश्म म्हणजे दगड. म्हणजे ‘काळा पाषाण’च, फक्त सोवळ्यात. तो शब्द वाईट नाही, पण ज्या कारणाने तो ‘काळ्या पाषाणा’पेक्षा शास्त्रीय समजला गेला ते कारण खोटे आहे: आकड्यांचा कस त्याच्याही पोटात नाही, तो बाहेरून लावावा लागतो. शिवाय उघड्यावर राहिलेला बेसाल्ट काळाही राहत नाही. त्यातले लोह गंजून पृष्ठभाग तपकिरी होतो. जुन्या मंदिरांच्या भिंती नीट पाहिल्या तर हे दिसते.

धर्मापुरीच्या बाबतीत असाच नावाचा आणखी एक घोळ आहे. बिनचुन्याच्या, दगडात दगड अडकवून रचलेल्या बांधणीला आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र या राजांचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. चालुक्यांच्या अमदानीतली मंदिरे त्याच्या आधी उभी होती. तरी त्यांना हेमाडपंती म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला कालखंड सांगायचा नसून बांधणीची तऱ्हा सांगायची असेल तर ते चालतेही. गफलत होते ती या नावावरून मंदिराचे वय काढले की. गावातल्या किल्ल्याच्या बांधकामात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आहेत. तिथे तर दगडाची जात, घडणीचा काळ आणि भिंत रचल्याचा काळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाही शब्दाने त्या तिन्ही कळत नाहीत.

तेव्हा अशा मंदिराच्या माहितीफलकावर काय लिहावे? माझ्या मते ‘बेसाल्ट’ लिहावे, कारण जतनाचे काम करणाऱ्याला तो शब्द उपयोगी आहे. त्यातून त्याला खनिजे कळतात, कोणते रसायन वापरायचे नाही हे कळते. पण तेवढ्यावर थांबू नये. दगड भरीव पाषाण आहे की पोकळ्यांचा, हेही लिहावे, कारण पावसाचे पाणी मूर्तीत शिरेल की नाही ते टक्क्यांवर ठरत नाही, पोकळ्यांवर ठरते. पोकळ्यांतले झिओलाइट पाणी धरते आणि सोडते, आणि दगडाचे पापुद्रे तिथून सुटायला लागतात. पाथरवट मूर्तीसाठी दगड निवडतो तेव्हा हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. भरीव दगड खणखणतो, पोकळ किंवा भेगाळलेला बद्द वाजतो. ही परीक्षा नोंदवायला फलकावर एक ओळ पुरते, आणि ती ओळ मराठीत सहज लिहिता येते.